एकट्याने ब्लॅक मेटल: पहिला अल्बम घरी बसून पुरा कसा करायचा

ब्लॅक मेटल म्हणजे मेटल संगीताचा एक अंधारा, खरखरीत प्रकार. माझ्या पहिल्या अल्बमची पहिली रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारी छोटी चाल, सुचल्यापासून शेवटचं मिक्स होईपर्यंत तीन वर्षं गेली. त्यातला निम्मा काळ तरी मी नुसती चाळवाचाळव करत होते. स्नेअरचा (ड्रमकिटमधल्या कडक वाजणाऱ्या ढोलाचा) आवाज बदल, अँपचं प्लगइन (अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बदल, झालेलं गाणं मोडून परत पहिल्यापासून सुरू कर. बँडमध्ये असते तर ड्रमरने सहाव्या महिन्यात काठ्या आपटून "बास झालं आता" म्हटलं असतं. एकटीच्या बँडात असं म्हणायला कुणी नसतं. गिटार शिकता येते, मिक्सिंग शिकता येतं, पण या रिकाम्या जागेचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा लागतो. खालच्या प्रत्येक पायरीत तो कसा करायचा तेही सांगत जाईन.

रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

या संगीताला एकांडेपणाची जुनी सवय आहे. 'ब्लॅक मेटल' हे नाव आलं व्हेनम या इंग्लिश बँडच्या 1982 सालच्या अल्बमवरून. पण आज आपण ज्या आवाजाला ब्लॅक मेटल म्हणतो त्याची मुळं बरीचशी स्वीडनच्या बॅथरीत आहेत. बॅथरी म्हणजे मुख्यतः क्वॉर्थॉन हा एक माणूस. त्याचा पहिला अल्बम 1984 साली आला, तोही गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या जागेत रेकॉर्ड होऊन. पुढे नॉर्वेत डार्कथ्रोन या बँडच्या फेनरिझने 1994 साली आलेल्या अल्बमची सगळी वाद्यं एकट्याने, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर वाजवली. गळा तेवढा नॉक्टर्नो कुल्टोचा.

या गोष्टी 'भिकार सामान म्हणजे अस्सल संगीत' अशा थाटात सांगितल्या जातात. मला त्यातून वेगळंच दिसतं. चार ट्रॅक असले की पाचवी गिटार टाकू का, हा प्रश्नच उरत नाही. त्या यंत्राने फेनरिझच्या वतीने कितीतरी निर्णय घेऊन टाकले होते. तुमच्या कॉम्प्युटरवर ट्रॅक हवे तितके घेता येतात, म्हणून कुंपण तुम्हालाच घालावं लागेल.

एक कागद घ्या आणि त्यावर हे लिहा: किती गाणी, एकूण किती मिनिटं, गिटारचं ट्यूनिंग, गिटारचे ट्रॅक किती, कीबोर्ड असणार की नाही, शब्द कुठल्या भाषेत, आणि अल्बम संपवायची तारीख. माझ्या दुसऱ्या अल्बमच्या कागदावर होतं: सहा गाणी, 38 मिनिटं, साधं ई ट्यूनिंग, ऱ्हिदमच्या (पाया धरणाऱ्या) दोन गिटार आणि हवी तर एक लीड (पुढे येऊन चाल वाजवणारी), कीबोर्ड फक्त सुरुवातीला आणि शेवटी. कागद भिंतीला चिकटवला. तो अल्बम नऊ महिन्यांत झाला. मधेच "इथे कोरस टाकला तर?" असं वाटलं की कागदाकडे बघायचं. कागदावर नाही, म्हणजे पुढच्या अल्बमला.

पहिल्याच फटक्यात दोन तासांचं महाकाव्य करायची हौस येते. स्वित्झर्लंडच्या पेइजाज दिवेर या एकट्या विंटहेरच्या प्रकल्पाचा दोन तासांचा अल्बम 2020 साली आला आणि तो त्याचा पहिला पूर्ण अल्बम म्हणवला गेला हे खरं. पण त्याच्या मागे वीसेक वर्षांचे डेमो आहेत. तुम्ही आधी दोन गाण्यांचा डेमो करा. लोकांना ऐकवा अगर ऐकवू नका, पण तो अगदी शेवटपर्यंत, मास्टर केलेल्या (शेवटचा हात फिरवून प्रकाशनाला तयार झालेल्या) फाईलपर्यंत न्या. आपली गाडी नेमकी कुठे अडते हे त्यात कळतं.

नावाचंही आत्ताच उरकून टाका. एनसायक्लोपीडिया मेटालम ऊर्फ मेटल आर्काइव्ह्ज ही साइट 2002 पासून जगभरच्या मेटल बँडांची नोंद ठेवते. तिथे नाव टाकून बघा. राख, कावळा, हिवाळा या अर्थाचं लॅटिन किंवा नॉर्वेजियन नाव सुचलं असेल तर त्या नावाचे चार बँड आधीच सापडण्याची शक्यता दाट आहे.

आणखी एक गोष्ट या संगीतात शिरताना माहीत हवी. नॉर्वेच्या बर्झम या एकट्याच्या बँडच्या वर्ग विकेर्नेसला 1994 साली खून आणि चर्चच्या जाळपोळीबद्दल 21 वर्षांची शिक्षा झाली. या वर्तुळाच्या एका कोपऱ्यात उघड नाझी विचारांचे बँड आणि लेबलंही आहेत. अल्बम काढून देतो म्हणणाऱ्या लेबलची बाकीची यादी नीट बघा. एकदा त्यांच्या चिन्हाखाली तुमचं नाव गेलं की ते पुसायला फार घाम गाळावा लागतो.

सामान: थोडंच

ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) एक, ज्यात गिटारची पिन आणि माइक दोन्ही जातील. डायनॅमिक माइक एक. शुअर एसएम57 किंवा 58 वर्षानुवर्षं हे काम करत आलेत. कानावर पूर्ण बसणारे बंद हेडफोन, नाहीतर ताल धरणाऱ्या क्लिकचा टकटकाट माइकमध्ये उतरतो. गिटार सहा तारांची पुरे.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रीपर 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आर्डर मुक्त स्रोताचं आहे. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग छान होतं, पण मिडीचे (कॉम्प्युटरवर लिहून वाजवायचे) ड्रम बसवायचे तर ते अपुरं पडतं. अँप नसेल तर न्यूरल अँप मॉडेलर हे प्लगइन फुकट मिळतं. त्याच्यापुढे स्पीकरच्या पेटीचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्या पेटीच्या नादाचा ठसा असलेली फाईल) मात्र लावलाच पाहिजे, नाहीतर डब्यात माश्या घोंघावतात तसा आवाज येईल. आणि 'मेटल म्हणजे बॉसचं एचएम-2 पेडल' असं कुणी सांगितलं तर सांभाळून: त्याचा तो प्रसिद्ध करवतीसारखा आवाज स्वीडिश डेथ मेटलचा आहे.

सेटिंग एकदाच करा आणि विसरून जा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. रेकॉर्ड करताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा) 128, म्हणजे त्या पायरीवर जेमतेम तीन मिलिसेकंदांचा उशीर. मिक्स करताना 1024. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोरदार वाजवलं तरी मीटर उणे 12 ते उणे 10 डेसिबलच्या आसपासच जाईल. लाल दिवा लागला की तो टेक, म्हणजे एका दमात केलेलं ते रेकॉर्डिंग, गेला. कच्च्या आवाजाचं ब्लॅक मेटल करतोय म्हणून डिजिटल क्लिपिंग (मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणं) खपून जात नाही.

रिफ: हात वेगात, चाल संथ

ट्रेमोलो पिकिंग म्हणजे एकाच तारेवर पिक खालीवर शक्य तितक्या वेगाने चालवणं. नवखे लोक त्या वेगातच अडकतात. ऐकणाऱ्याचा कान मात्र त्या खरखरीखालून संथ सरकणाऱ्या सुरांच्या मागे जातो. तुमची रिफ घ्या, ट्रेमोलो काढून टाका, प्रत्येक सूर एकदाच आणि सावकाश वाजवा. गुणगुणता आली तर ठेवा. नाही आली तर 220 बीपीएमनेही (मिनिटाला तितके ठेके) तिचं भलं होणार नाही.

दुसरं, पॉवर कॉर्डची सवय थोडी सोडा. त्यात फक्त मूळ सूर आणि पंचम असतो. ब्लॅक मेटलची उदासी येते ती मधल्या सुरामुळे, म्हणजे कोमल गंधारामुळे. पूर्ण मायनर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये जरा गढूळ होतो, आणि नेमका तो गढूळपणाच आपल्याला हवा असतो. एक करून बघा: ई मायनरवरून थेट सी मायनरवर जा. दोन्हींत जी हा सूर सामाईक आहे, तो तसाच राहतो, पण त्याच्या आजूबाजूची सगळी जमीन सरकते. ई मायनरमध्ये तो जी तिसरा सूर होता, सी मायनरमध्ये पाचवा झाला. आता ई मायनरवरून बी फ्लॅट मायनरवर जा. इथे एकही सूर सामाईक नाही, नुसता कडा कोसळतो. अशा चारपाच उड्या हाताला बसल्या की निम्मा अल्बम त्यातून निघतो.

पुनरावृत्तीला घाबरू नका, पण हिशेब ठेवा. रिफ आठ वेळा वाजणार असेल तर पाचव्या वेळी काहीतरी हललं पाहिजे. ड्रमच्या हाय-हॅट या झांजेवरून राइड या झांजेवर या, बेसला मूळ सूर सोडून तिसऱ्यावर पाठवा, दुसरी गिटार वरच्या सप्तकात न्या. एका वेळी एकच बदल.

सुचलेली प्रत्येक रिफ फोनवर टिपून ठेवा आणि आठवडाभर ऐकू नका. आठवड्याने ऐकणारी मी ही वाजवणाऱ्या मीपेक्षा बऱ्यापैकी वेगळी आणि पुष्कळ खडूस असते. बँडमधल्या दुसऱ्या माणसाची पहिली बदली तीच.

ड्रम: इथे वेळ घालवा

खरे ड्रम वाजवता येत असतील तर हा भाग ओलांडा. नसतील तर ते कॉम्प्युटरवर लिहावे लागतात, आणि एकट्याने केलेले बहुतेक पहिले अल्बम इथेच उघडे पडतात.

आकडा समोर ठेवू. 180 बीपीएमला सोळाव्या मात्रांचा साधा ब्लास्ट बीट म्हणजे सेकंदाला 12 ठोके: सहा किकचे (पायाने वाजणारा मोठा ढोल), सहा स्नेअरचे, एकाआड एक, आणि किकबरोबर झांज. हे तुम्ही माउसने टाकलंत की प्रत्येक ठोक्याचा जोर, ज्याला व्हेलॉसिटी म्हणतात, एकसारखा येतो. बरेच जण तर तो सरळ 127 वर, म्हणजे कमाल मर्यादेवर ठेवतात. ऐकायला शिवणयंत्र. कारण असं: सेकंदाला सहा वेळा स्नेअर मारणाऱ्या माणसाला काठी उंच उचलायला वेळच नसतो. वेग वाढला की ठोका हलका होतो. म्हणून ब्लास्टमध्ये स्नेअर 85 ते 105 च्या दरम्यान ठेवा आणि गाणं संथ झालं की 115 च्या वर न्या. तेवढ्या एका फरकाने संथ भागातला पहिला ठोका छातीवर येतो.

आता एक बार, म्हणजे तालाचं एक आवर्तन, जवळून बघू. आठ स्नेअर आहेत. मी त्यांना असे जोर देते: 98, 91, 96, 89, 99, 92, 95, 103. एक जड, एक हलका, कारण मनगट असंच चालतं. शेवटचा जरा वर, कारण पुढच्या बारच्या तोंडाशी ड्रमर नकळत जोर लावतो. मग प्रत्येक ठोका तीन ते पाच मिलिसेकंद इकडेतिकडे सरकवते. फिल (दोन भागांना जोडणारा ड्रमचा तुकडा) आला की तो किंचित घाईत ठेवते, माणसं फिलमध्ये पळतातच. 'ह्यूमनाइज' नावाचं बटण हे सगळं करतो म्हणतं, पण त्याच्या चुका कुठेही पडतात. माणसाच्या चुकांना कारण असतं.

हातपाय मोजा. दोन हात, दोन पाय. स्नेअर, राइड आणि क्रॅश (आणखी एक झांज) एकाच क्षणी वाजत असतील तर तुमच्या ड्रमरला तिसरा हात फुटलाय. टॉम या ढोलांवरून फिल चालू असताना हाय-हॅट काठीने वाजत राहिला तरी तेच. श्रोता हे मोजत बसत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याच्या कानाला कळतं.

फुकट ड्रमकिट हवं तर एमटी पॉवर ड्रम किट चालेल. कुठलंही घेतलंत तरी किकचा तो 'टक' करणारा चकचकीत आवाज बराच उतरवा. आधुनिक डेथ मेटलला तो शोभतो. इथे खोलीतून येणारा, थोडा लांबचा ड्रम हवा. खोलीच्या माइकचा ट्रॅक असेल तर तो वर चढवा आणि जवळचे माइक खाली आणा.

टेम्पोही एकाच आकड्यावर खिळवून ठेवू नका. शेवटच्या रिफला तीन बीपीएम वाढवा, मधल्या उजाड भागात चार कमी करा. कुणाला जाणवणार नाही, पण गाणं श्वास घेईल.

गिटार आणि बेस

तीच रिफ दोनदा, दोन वेगवेगळ्या टेकमध्ये वाजवा. एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी येत नाही, तो मधोमधच ऐकू येतो. दोन टेकमधला बारीकसा फरक हीच ती भिंत.

पण फरक वेळेचा असावा, सुराचा नाही. माझ्या पहिल्या अल्बमच्या तिसऱ्या गाण्याची डावी गिटार मी एका रात्री वाजवली आणि उजवी पाच आठवड्यांनी, त्याच गंजलेल्या तारांवर, ट्यूनरकडे न बघता. लांब सुरांवर 'वाँव-वाँव' असे हेलकावे येऊ लागले. 220 आणि 221 हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला एक हेलकावा येतो, इतकं सरळ गणित आहे. मी दोन दिवस कोरसचं (आवाज लहरता करणाऱ्या इफेक्टचं) प्लगइन कुठे चालू राहिलंय ते शोधत बसले होते! तेव्हापासूनचा नियम: नव्या तारा घालून, त्या ताणून बसवून, एका गाण्याच्या दोन्ही गिटार एकाच बैठकीत. प्रत्येक टेकआधी ट्यूनर.

अँप वापरत असाल तरी गिटारचा कोरा, प्रक्रिया न केलेला सिग्नल शेजारी रेकॉर्ड करून ठेवा. टोन नंतर बदलता येतो, वाजवलेलं बदलता येत नाही. डिस्टॉर्शन तुम्हाला वाटतं त्याच्या दोन तृतीयांश ठेवा. दोन गिटार एकत्र आल्या की ते आपोआप वाढतं. मिड (आवाजाची मधली पट्टी) पूर्ण काढून टाकायचा मोह आवरा. एकट्या गिटारवर तो आवाज दणकट वाटतो आणि ड्रम आले की गिटार नाहीशी होते.

'लो-फाय करायचंय, मग इतकी काळजी कशाला?' असं विचाराल. आवाज खराब करायचा तर तो शेवटी, ठरवून करा. नीट रेकॉर्ड केलेलं कॅसेटवरून फिरवून आणता येतं, त्याचे वरचे-खालचे सूर कापता येतात, हिस (टेपची सळसळ) वाढवता येतो. विजेची 50 हर्ट्झची घरघर, सुटलेला ताल किंवा बेसूर तार मात्र मागे नेता येत नाही. हिस म्हणजे हवामान. घरघर म्हणजे वायरिंग.

बेस या प्रकारात ऐकू येत नाही असा समज आहे. म्यूट करून बघा, गाणं गुडघ्यातून वाकतं. खालच्या ई तारेचा मूळ सूर गिटारवर 82 हर्ट्झच्या आसपास असतो आणि बेसवर 41 च्या. म्हणून गिटारचं 80–100 च्या खालचं सगळं कापा, ती जागा बेस आणि किकला द्या. बेसवर थोडं डिस्टॉर्शन घाला म्हणजे छोट्या स्पीकरवरही त्याचा माग लागेल.

गळा

किंचाळणं म्हणजे जिवाच्या आकांताने ओरडणं नव्हे. हवा पोटातून, दाब बेताचा, आणि खरखर स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांतून. नीट जमलं तर हा आवाज बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडाच मोठा असतो. त्याला मोठं माइक आणि कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) करतात. त्यामुळे शेजारीही सुखात राहतात. आधी दहा मिनिटं गुणगुणून गळा तापवा, अर्ध्या तासावर एक मिनिटही जाऊ नका, पाणी जवळ ठेवा. टोचलं, खवखवलं, रक्ताची चव आली की तिथेच थांबा. 'अजून एक टेक' हे वाक्य एकट्या माणसाला सगळ्यात महागात पडतं. घोगरेपणा दोन-तीन आठवडे गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून गायलात तर खोलीचा पोकळ नाद बराच कमी होतो. माइकची जाळी मुठीत धरू नका. स्टेजवर ते रुबाबदार दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये आवाज चोंदतो.

शब्दांचं सांगायचं तर बर्फ, लांडगे आणि उत्तरेचं आकाश यावर नॉर्वेच्या लोकांनी लिहून झालंय, कारण ते त्यांच्या खिडकीबाहेर होतं. पॅनॉप्टिकॉन या एका माणसाच्या अमेरिकन प्रकल्पाने 2012 साली केंटकीच्या कोळसा खाणकामगारांवर अल्बम केला, त्यात बँजोसुद्धा आहे, आणि तो अस्सल ब्लॅक मेटल आहे. तुम्हाला जे ठाऊक आहे त्यावर लिहा. मराठीत लिहिणार असाल तर एक फायदा सांगते: ट, ड, ळ ही व्यंजनं खरखरीतूनही स्पष्ट वाजतात. 'ओहोळ' किंचाळून बघा.

मिक्स, आणि थांबणं

रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग यांच्यात किमान दोन आठवडे जाऊ द्या. मग आवडत्या अल्बममधलं एक गाणं त्याच प्रोजेक्टमध्ये आणून ठेवा, आवाजाची पातळी तुमच्या गाण्याइतकी करा, आणि दर दहा मिनिटांनी एकदा त्यावर जाऊन या. कान फार लवकर सरावतात. तासाभरात कसलाही आवाज बरा वाटू लागतो.

हळू आवाजात मिक्स करा. बोलणं ऐकू येईल इतक्याच पातळीवर स्नेअर, गिटारची चाल आणि गळा या तिन्ही गोष्टी कळल्या तर पाया ठीक. मग मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐका, फोनच्या स्पीकरवर ऐका. गळा पॉप गाण्यापेक्षा बराच मागे ठेवा, गिटारांच्या आत, पण पूर्ण बुडवू नका. रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा पडसाद, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावण्यापेक्षा एका सामाईक ट्रॅकवर ठेवून सगळ्यांना त्यात थोडं थोडं पाठवा, म्हणजे सगळे एकाच गुहेत उभे वाटतात. त्या रिव्हर्बचा 300 हर्ट्झच्या खालचा भाग कापा. नवख्या ब्लॅक मेटलचा चिखल बहुधा तिथेच साचलेला असतो.

कीबोर्ड असेल तर तो गिटारांपेक्षा एक पायरी खाली. ऐकू येतो असं वाटलं की अजून थोडा कमी करा.

आता थांबायचं कसं ते. मी एका गाण्याला तीन मिक्स देते. पहिलं झालं की दोन दिवस सुट्टी. मग फाईल फोनवर चालता-चालता ऐकायची आणि जे खटकलं ते कागदावर लिहायचं. कॉम्प्युटरसमोर बसून ऐकायचं नाही, कारण तिथे हात शिवशिवतात. दुसऱ्या मिक्समध्ये फक्त यादीतलं दुरुस्त करायचं. ते मग दोन माणसांना पाठवायचं: एक ब्लॅक मेटल ऐकणारा, एक न ऐकणारा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, 'भारी' एवढंच उत्तर येईल. 'कितव्या मिनिटाला कंटाळा आला?' असं विचारा. दोघांनी एकच जागा सांगितली तर ती कापा, मग ती रिफ कितीही लाडकी असो. तिसरं मिक्स शेवटचं. फाईलच्या नावात 'फायनल' लिहायचं नाही, आकडा लिहायचा; माझ्याकडे एका गाण्याच्या सात फायनल आहेत आणि त्यातली अल्बमवर गेलेली कुठली हे आजही खात्रीने सांगता येणार नाही.

रोज संध्याकाळी प्रोजेक्टची प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर कुठेतरी ठेवा. डिस्क मेल्यावर हे सगळ्यांना सुचतं.

मास्टर

यावर फार वेळ घालवू नका. सगळी गाणी एका प्रोजेक्टमध्ये ओळीने लावा, एकमेकांशेजारी त्यांच्या आवाजाची पातळी सारखी करा, मधल्या शांततेचे सेकंद कानाने ठरवा. शिखर उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे 14 लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणून वाजवतं, त्यामुळे लिमिटरने (शिखरं दाबून आवाज मोठा करणाऱ्या साधनाने) पिळून काढलेला अल्बम तिथे मोठा वाजत नाही, फक्त चपटा वाजतो. शक्य असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या. पहिल्यांदाच ऐकणारे कान हाच त्यातला खरा माल आहे.

कव्हर आणि लोगो

जुनी चित्रं वापरायची या संगीताची परंपरा आहे. फ्रान्सचा चित्रकार गुस्ताव दोरे 1883 साली गेला, नॉर्वेचा थिओडोर किटेल्सन 1914 साली. त्यांची चित्रं आता सार्वजनिक मालकीची आहेत. पण तुम्ही जी प्रत उतरवताय ती ज्या संग्रहालयाची आहे त्याच्या अटी वाचा. ही दोन नावं जरा झिजलीत, हेही सांगून ठेवते. स्वतः काढलेला एक अंधुक फोटो, काळ्या-पांढऱ्यात, दाणे वाढवून, पुष्कळदा बरा दिसतो.

लोगो वाचता न येणारा असावा हा विनोद आहे, नियम नाही. एम्परर बँडचा लोगो ज्याने काढला त्या क्रिस्टोफ श्पाइडेलची कामं बघा: फांद्या कितीही पसरल्या तरी डावी-उजवी बाजू तोलून धरलेली असते. कव्हर चौरस, 3000 गुणिले 3000 पिक्सेल. पूर्ण झालं की नखाएवढं लहान करून बघा. फोनवर ते तेवढंच दिसणार आहे.

बाहेर काढणं

बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर आधी टाका. डिजिटल विक्रीतला 15 टक्के हिस्सा ते घेतात, पैसे देण्याघेण्याचं शुल्क वेगळं, बाकी तुमचं, आणि या संगीताचे विकत घेणारे श्रोते तिथेच फिरतात. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी जायला मधला वितरक लागतो. तिथे 2024 पासून वर्षभरात किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत, तेव्हा त्या बाजूने खर्च निघेल असं धरू नका. प्रत्येक गाण्याचा 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी (गाण्याची ओळख पटवणारा) क्रमांक वितरक बहुधा स्वतःच देतो. तारीख जाहीर करण्याआधी चार आठवडे सगळं चढवलेलं हवं.

कॅसेट काढायची असेल तर गाण्यांचा क्रम आधीच तसा लावा: 40 मिनिटांच्या कॅसेटला प्रत्येक बाजूला 20 मिनिटं, आणि दोन्ही बाजू साधारण सारख्या भराव्यात, नाहीतर एका बाजूला पाच मिनिटं कोरी टेप फिरत राहते. पन्नास प्रती पुष्कळ झाल्या. विनाइलचा विचार दुसऱ्या अल्बमला.

समीक्षा लिहिणाऱ्यांना पत्र पाठवताना चार ओळी पुरेत: नाव, कुठल्या प्रकारचं ब्लॅक मेटल, तारीख, ऐकायची लिंक. 'अंधाराच्या गर्तेतून उसळलेली...' असं काही लिहू नका, त्यांना दिवसाला अशी वीस पत्रं येतात.

प्रकाशनाच्या सकाळी दुसऱ्या खात्यावरून स्वतःचा अल्बम विकत घ्या, उतरवून घ्या आणि पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत ऐका. गाण्यांची नावं, क्रम, कव्हर, सगळं तपासा. मी हे केलं नव्हतं. चौथ्या गाण्याच्या जागी तिसरंच दुसऱ्यांदा चढलं होतं, आणि नवव्या दिवशी एका श्रोत्याने कळवलं. त्याला वाटलं होतं, मुद्दाम केलंय.